अंतराळातल्या गेममध्ये अंधार किती ठेवायचा? गॅमा, ब्राइटनेस, एचडीआर सगळंच

धूमकेतू:

मंडळी, धागा मुख्यतः एलिट डेंजरस खेळणाऱ्यांसाठी, पण नो मॅन्स स्काय, स्टारफील्ड, कर्बल वाल्यांनीही लिहा कारण दुखणं सगळीकडे तेच आहे.

ग्रहाच्या रात्रीच्या बाजूला उतरायला गेलं की समोर नुसतं काळं. डोंगर कुठे, दरी कुठे काही कळत नाही, उंचीचा आकडा भराभर खाली येतोय आणि जमीन नक्की कुठाय तेच दिसत नाही. ओडिसी हा एलिटचा वाढीव भाग आल्यापासून (मे २०२१) रात्र आणखीच गडद झालीय असं मला तरी वाटतं. म्हणून गॅमा (मधल्या आणि गडद छटा उजळ करणारी सेटिंग) वाढवला की जमीन दिसते पण आकाश राखाडी होतं, आकाशगंगेचा पट्टा धुरकट, तारे फिके, ज्यासाठी हा गेम घेतला तीच गोष्ट गेली. आणि तसाच पुढच्या सिस्टीमला उडी मारली की बाहेर पडताक्षणी समोर अख्खा तारा, आधीचा काही सेकंद अंधार आणि मग एकदम पांढरं, डोळे चोळायची वेळ येते.

मॉनिटर आयपीएस (एलसीडीचा एक प्रकार) आहे, साधा एसडीआर (उजेड अंधाराचा जास्त मोठा पल्ला दाखवणारा एचडीआर नाही), एचडीएमआयने जोडलेला. रात्री खोलीतला दिवा बंद करून खेळतो. मॉनिटरवर ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट, ब्लॅक लेव्हल, ड्रायव्हरमध्ये परत ब्राइटनेस आणि गॅमा, गेममध्ये परत गॅमा. एवढ्या ठिकाणी एकच गोष्ट बदलता येत असेल तर आधी हात कशाला लावायचा?

ध्रुवबाळ:

रात्रीच्या बाजूला नाइट व्हिजन लावा की. २०१८ च्या शेवटच्या अपडेटपासून आहे ते. कंट्रोल्समध्ये त्याला एक बटण देऊन टाका, विषय संपला. गॅमाला हात लावायचीच गरज नाही.

धूमकेतू:

नाइट व्हिजन वापरतो हो, पण त्यात सगळं हिरवट होतं. उतरण्यापुरतं ठीक आहे, तासभर रोव्हर चालवायची असेल तर नको वाटतं. शिवाय स्टेशनच्या आत, जहाजाच्या कॉकपिटमध्ये, सगळीकडेच कोपरे काळे पडतात त्याचं काय.

मिणमिणता_दिवा:

कोपरेसुद्धा काळे पडत असतील तर गोष्ट गेमच्या बाहेरची आहे. जरा सविस्तर लिहितो, कारण गॅमा वाढवा एवढं एकच उत्तर सगळीकडे मिळतं आणि त्याने गेमची वाट लागते.

सुरुवात खोलीपासून करा. आयपीएस पॅनलचा कॉन्ट्रास्ट साधारण १०००:१ असतो. म्हणजे पांढरा ३०० निट्सवर (निट हे पडद्याच्या उजेडाचं माप) ठेवलात तर 'काळा' ०.३ निट असणार, आणि पूर्ण अंधाऱ्या खोलीत ०.३ निट म्हणजे चक्क उजळ राखाडी, कोपऱ्यांमध्ये तो पिवळसर निळसर ग्लो दिसतो तो वेगळाच. तोच पांढरा १०० निट्सवर आणला की काळा ०.१ वर येतो. गुणोत्तर तेच राहतं, पण डोळ्याला काळा जास्त काळा वाटतो आणि तारा समोर आला की तडाखाही तिप्पट कमी बसतो. तेव्हा मॉनिटरचा ब्राइटनेस खाली. एलसीडीवर त्या बटणाने बहुतेक वेळा फक्त मागचा बॅकलाइट कमी जास्त होतो, चित्रातले बारकावे जात नाहीत, त्यामुळे घाबरू नका.

आणि दिवा बंद करून खेळणं थांबवा. मॉनिटरच्या मागच्या भिंतीवर पडेल असा एक मंद दिवा, ६५०० केल्व्हिनच्या जवळचा, थेट डोळ्यात किंवा स्क्रीनवर न येणारा. भिंतीचा उजेड पडद्याच्या पांढऱ्याच्या दहाव्या हिश्श्याइतका पुरे. बाहुली थोडी आकसलेली राहते, काळा अजून काळा भासतो आणि तारा अंगावर आल्यासारखा वाटत नाही. खर्चाच्या मानाने सगळ्यात जास्त फरक पाडणारी गोष्ट हीच आहे, आणि लोक सगळ्यात शेवटी करतात.

मग रेंज तपासा. पीसी एचडीएमआयने जोडलेला असेल तर ग्राफिक्स कार्ड कधी कधी मॉनिटरला टीव्ही समजून लिमिटेड रेंज पाठवतं, म्हणजे काळा ० ऐवजी १६ वर आणि पांढरा २५५ ऐवजी २३५ वर. दोन्हीकडे एकच समज असेल तर काही बिघडत नाही. पण कार्ड फुल पाठवतंय आणि पडदा लिमिटेड समजतोय असं झालं की १६ च्या खालचं सगळं सपाट काळं, म्हणजे तुमचे ते कोपरे. उलटं झालं तर सगळ्या चित्रावर राखाडी पदर. कितीही गॅमा फिरवा, हे त्याने सुटत नाही. ड्रायव्हरच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये डायनॅमिक रेंज फुल करा आणि मॉनिटरच्या मेन्यूत ब्लॅक लेव्हल किंवा एचडीएमआय रेंज असं काही असेल तर तेही त्याच्याशी जुळवा.

त्यानंतर गेम बंद ठेवून नुसत्या पडद्याची परीक्षा. लॅगोमच्या साइटवर ब्लॅक लेव्हलचं पान आहे, काळ्यावर थोडे थोडे उजळ होत जाणारे चौकोन. अगदी पहिले एक दोन नाही दिसले तरी चालतं, पण पहिली आख्खी ओळ गायब असेल तर पडदा अंधार गिळतोय. तिथे मॉनिटरचा स्वतःचा गॅमा २.२ वर आहे ना, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट वगैरे चालू नाही ना ते बघा. डायनॅमिक कॉन्ट्रास्ट अंतराळातल्या गेमला सगळ्यात वाईट, काळा सीन आला की बॅकलाइट पडतो, ताऱ्याजवळ गेलं की उसळतो.

हे सगळं झाल्यावरच गेमचा स्लायडर. आणि तो मधोमध ठेवून सुरुवात करा.

अमावस्या:

दिवा यांच्या प्रत्येक ओळीशी सहमत. 'गॅमा वाढवला की आकाश राखाडी होतं' हे का होतं तेही लिहायला हवं, नाहीतर लोक परत तिथेच जातात.

शुद्ध गॅमा ० ला आणि २५५ ला हात लावत नाही, मधलं सगळं उचलतो, आणि अंधारातलं जास्त उचलतो. हिशोब करून बघा, गॅमा १ चा १.३ केला तर १२८ चा रंग १५० होतो, फार नाही. पण १० चा होतो २१, म्हणजे दुपटीपेक्षा जास्त. आता एलिटमधलं आकाश पूर्ण ० नाहीच, आकाशगंगेची धूळ, दूरच्या ताऱ्यांचा मिळून एक पुसट उजेड तिथे आहे. तो उचलला गेला की आकाश राखाडी. जमिनीचे बारकावे आणि आकाशाची धूळ एकाच पट्ट्यात बसलेत, म्हणून एका स्लायडरने एकाला उचलून दुसऱ्याला खाली ठेवता येत नाही. हा काही सेटिंग चुकल्याचा प्रकार नाही, तो स्लायडर तेवढंच करू शकतो.

म्हणून माझं मत पहिल्यापासून हेच आहे की उजेड हवा असेल तर तो गेमच्या आतून आणा, पडद्यावरून नको. जहाजाचे दिवे लावा. रोव्हरचे दिवे लावा. उतरायची जागा निवडताना ग्रहाच्या दिवस रात्रीच्या सीमारेषेजवळची निवडा. तिथे सूर्य क्षितिजालगत असतो, सावल्या लांबच लांब पडतात आणि प्रत्येक खड्डा, प्रत्येक कडा उठून दिसतो. दुर्बिणीतून चंद्र बघणारे पौर्णिमेपेक्षा अष्टमीला जास्त खूश असतात ते याच कारणासाठी, पौर्णिमेला सगळं सपाट दिसतं.

आणि खऱ्या अवकाशात सावली काळीच असते हो. पृथ्वीवर सावलीत दिसतं कारण हवा उजेड पसरवते, आकाश स्वतः एक मोठा दिवा असतं. हवा नसलेल्या ठिकाणी सावलीत जो उजेड येतो तो फक्त शेजारच्या जमिनीवरून किंवा जवळच्या ग्रहावरून उसळून आलेला. तेव्हा हवा नसलेल्या चंद्रावर रात्री उतरताना काही दिसत नाही हे बरोबरच आहे, मला तर ते आवडतं.

ध्रुवबाळ:

अमावस्या, मग दूरच्या ग्रहांवर दिवसासुद्धा अंधार दाखवायला पाहिजे ना? सूर्यापासून लांब गेल्यावर उजेड कमी होतो, गेममध्ये तर नेपच्यूनजवळही लख्ख दिसतं.

अमावस्या:

चांगला मुद्दा. उजेड अंतराच्या वर्गाने कमी होतो. गुरू सूर्यापासून पृथ्वीच्या ५.२ पट लांब, तिथे ऊन साधारण सत्ताविसावा हिस्सा. नेपच्यून ३० पट लांब, तिथे नऊशेवा हिस्सा. ऐकायला भयंकर वाटतं, पण पृथ्वीवरचं भर दुपारचं ऊन लाखभर लक्स (पडणाऱ्या उजेडाचं माप) असतं, त्याचा नऊशेवा हिस्सा म्हणजे शंभराच्या वरच, घरात संध्याकाळी दिवा लावून बसतो तितका उजेड. पौर्णिमेचं चांदणं अर्ध्या लक्सच्याही आत असतं. म्हणजे नेपच्यूनपाशी डोळ्याला व्यवस्थित दिसेल, पुस्तकसुद्धा वाचता येईल. गेमवाले एक्स्पोजर वर खाली करून हेच दाखवतात, डोळा सरावल्यावर जसं दिसेल तसं. चंद्रावरच्या अपोलोच्या फोटोंमध्ये तारे दिसत नाहीत ते याच्याच उलट बाजूने, उन्हातल्या जमिनीसाठी एक्स्पोजर ठेवलं की तारे त्यात येतच नाहीत. गेममध्ये उन्हातली जमीन आणि झगमगते तारे एकदमच दिसतात ती त्यांनी घेतलेली सूट आहे, आणि ती मला चालते.

सांजवात:

मला या चर्चेत एक वेगळी बाजू मांडायचीय. मला अस्टिग्मॅटिझम आहे, चष्मा लावूनही काळ्यावरची उजळ अक्षरं पसरलेली दिसतात. अंधारात बाहुली मोठी होते तेव्हा हे जास्तच. काळंभोर आकाश आणि त्यावर तेजस्वी केशरी एचयूडी (समोर तरंगणारे आकडे आणि खुणा), हे तुम्हाला सुंदर दिसत असेल, मला प्रत्येक आकड्याभोवती दुसरा आकडा दिसतो. अर्ध्या तासात डोकं दुखायला लागतं.

त्यामुळे मी गॅमा वाढवूनच खेळते, आकाश राखाडी दिसलं तरी. 'वाट लागते' वगैरे वाचलं की वाटतं आमच्यासारख्यांनी खेळूच नये का.

मिणमिणता_दिवा:

सांजवात, तुमचं म्हणणं रास्त आहे. तुम्हाला वाचता येणं हे आकाशाच्या काळेपणाच्या आधी. तुमच्या केसमध्ये राखाडी आकाश हा तोटा नाहीच, बाहुली लहान ठेवायला त्याची मदतच होते.

पण एक करून बघा, त्रास आकाशापेक्षा एचयूडीच्या तेजाचा जास्त असावा. एलिटमध्ये उजवीकडच्या पॅनलमध्ये इंटरफेस ब्राइटनेस आहे, तो खाली आणा. आकाशाला धक्का न लावता फक्त अक्षरं मंद होतात. नुसत्या एवढ्यानेच अक्षरांचं पसरणं बरंच कमी होतं. त्यात मागच्या भिंतीवरचा दिवा तुम्ही इतरांपेक्षा थोडा जास्त ठेवा. आणि नाइट व्हिजनचा हिरवा तुम्हाला त्रासदायक असेल तर जहाजाच्या दिव्यांवर भागवा.

रंग बदलायचा असेल तर ग्राफिक्स कॉन्फिगरेशन ओव्हरराइड नावाची एक्सएमएल फाइल असते, त्यात जीयूआय कलरखाली लाल हिरवा निळा अशा तीन ओळींचं मॅट्रिक्स आहे, त्यातले आकडे बदलले की एचयूडीचा रंग बदलतो. फक्त लक्षात ठेवा की ते मॅट्रिक्स सगळ्या इंटरफेसला लागतं, माणसांचे फोटो, रडारवरचे मित्र शत्रूचे रंग, सगळं त्यातून जातं. अगदी टोकाचा रंग केला की शत्रूचा लाल ओळखू येत नाही. मूळ फाइलची कॉपी बाजूला ठेवून मगच हात लावा.

अमावस्या:

सांजवात, माझ्या लिहिण्याचा सूर तुम्हाला लागला असेल तर सॉरी, तो रोख तुमच्याकडे नव्हता.

एचयूडी शक्यतो केशरी लाल ठेवा, पांढरा निळा नको. अंधारात बघणाऱ्या पेशींना गडद लाल जवळजवळ दिसतच नाही, त्यामुळे अंधाराला सरावलेला डोळा त्याने बिघडत नाही. हे सरावणं पूर्ण व्हायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि एका पांढऱ्या झगमगाटाने जातं. आकाशनिरीक्षणाला लाल टॉर्च वापरतात ते त्यामुळेच.

कक्षाभ्रष्ट:

कर्बलवाला हजर. आमच्याकडे ग्राफिक्स सेटिंगमध्ये अँबियंट लाइट बूस्ट असा वेगळा स्लायडर आहे, वर अमावस्या म्हणतात ते आतून उजेड आणणं ते हेच. आकाश तसंच राहतं आणि यानाच्या सावलीतल्या बाजूला थोडा उजेड येतो. उड्डाण, नकाशा आणि एडिटर तिन्हींसाठी वेगळा ठेवता येतो. मी उड्डाणाला किंचित ठेवतो, नकाशाला जास्त, कारण नकाशात वास्तव वगैरे काही नको असतं, ग्रह कुठाय ते दिसलं पाहिजे बास. शिवाय यानालाच दिवे बसवता येतात, बरीच मंडळी बसवतच नाहीत आणि मग म्हणतात डॉकिंग पोर्ट दिसत नाही. दोन दिवे पोर्टच्या बाजूला तिरपे लावा, यू दाबा, दिसतं.

स्टारफील्डचं पण सांगतो. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये आला तेव्हा त्यात ब्राइटनेसचा स्लायडरच नव्हता, काळ्या जागा धुरकट राखाडी दिसायच्या, आणि लोक मॉड टाकून तो धूर काढत होते. नोव्हेंबरच्या अपडेटमध्ये ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट आणि एचडीआरचे कंट्रोल आले. एवढ्या मोठ्या गेममध्ये ही गोष्ट पहिल्या दिवशी नसावी याचा मला आजही राग आहे. उलट दिशेचा प्रॉब्लेम होता तो, तुमच्याकडे अंधार जास्त, आमच्याकडे अंधारच नाही.

धूमकेतू:

मंडळी, रिपोर्ट देतो. ड्रायव्हरमध्ये डायनॅमिक रेंज फुलच होती, पण मॉनिटरच्या मेन्यूत काळ्याची पातळी लिमिटेडवर होती, तीच जुळत नव्हती. तीही फुल केली. कॉकपिटचे कोपरे उघडले!! सीटच्या खालची शिवण दिसते, डॅशबोर्डच्या कडेला ओरखडे आहेत ते दिसतात, हे सगळं तिथे होतं हेच माहीत नव्हतं. ब्राइटनेस निम्म्याच्याही खाली आणला, भिंतीवर दिवा लावला. गेमचा गॅमा मध्यावर परत.

रात्रीची बाजू अजून काळीच आहे, पण आता जहाजाचे दिवे लावल्यावर जमीन वेळेत दिसते, आधी त्या उजेडातलं पण अर्धं गिळलं जात होतं. आणि खाली आल्यावर रडारवर जमिनीचा नकाशा उमटतो, जागा उतरण्यासारखी असेल तर निळं होतं, त्यावर भरवसा ठेवला तर खिडकीतून काही दिसायची गरजच नाही. पुढचा प्रश्न, एक जुना अंतराळ गेम आहे, त्यात गॅमाचा स्लायडर हलतो पण पडद्यावर काही होत नाही. का?

मिणमिणता_दिवा:

बॉर्डरलेस किंवा विंडोमध्ये चालवत असाल. जुने गेम गॅमा स्वतःच्या चित्रात करत नाहीत, ग्राफिक्स कार्डाच्या गॅमा टेबलात लिहितात, ते सगळ्या पडद्याला लागू होतं, म्हणून फक्त फुलस्क्रीन एक्सक्लुझिव्हमध्येच चालतं. मोड बदला. आणि निळा उजेड कमी करणारं सॉफ्टवेअर किंवा विंडोजचं नाइट लाइट चालू असेल तर तेही रंगात ढवळाढवळ करतं, खेळताना बंद ठेवा. गेममधून बाहेर पडल्यावर डेस्कटॉप विचित्र उजळ राहिला तर तेच टेबल परत जागेवर आलेलं नसतं, रीस्टार्ट केलं की जातं.

ध्रुवबाळ:

आता एचडीआरचं कोणीतरी लिहा. कन्सोलवर नो मॅन्स स्काय खेळतो, टीव्ही ओलेड. काळा तर काळाच असतो, पण सूर्य म्हणावा तसा चमकत नाही.

मिणमिणता_दिवा:

ओलेडला काळ्याची चिंता नाही, पिक्सेलच बंद होतो. तुम्ही टीव्हीत आधी एचजीआयजी मोड लावा, मग कन्सोलचं एचडीआर कॅलिब्रेशन करा, हा क्रम महत्त्वाचा आहे. पीएस५ वर तीन पडदे येतात. पहिल्या दोन उजळ पडद्यांवर चिन्ह जेमतेम नाहीसं होईपर्यंत जायचं, तिसरा अंधाराचा, तो ओलेडवर अगदी खाली. कन्सोलला कळतं की तुमचा टीव्ही कमाल किती निट्स देतो, आणि एचजीआयजीमध्ये टीव्ही स्वतःचं डोकं चालवत नाही. डायनॅमिक टोन मॅपिंग (टीव्हीने चित्राचा उजेड आपणहून बदलणं) चालू ठेवलं तर गेम एकदा दाबतो, टीव्ही परत उचलतो, आणि सूर्य आणि ढग एकाच उजेडाचे दिसतात. तुमचं दुखणं बहुतेक हेच.

पेपर व्हाइटची (साधा पांढरा किती उजळ ठेवायचा त्याची) निवड गेममध्ये असेल तर २०० निट्सच्या आसपासपासून सुरुवात करा, अंधाऱ्या खोलीत त्याहून कमी. पेपर व्हाइट खूप वर नेलं की साधी अक्षरंच सूर्याइतकी उजळ होतात, मग सूर्याला वर जायला जागाच उरत नाही. बर्फाच्या ग्रहावर अख्खा पडदा पांढरा झाला की ओलेड आपोआप मंद होतो, ती त्याची ताकदीची मर्यादा, सेटिंग नाही.

पीसीवाल्यांसाठी एक. विंडोज ११ मध्ये एचडीआर चालू ठेवून साधा एसडीआर गेम खेळलात तर अंधार धुरकट दिसतो. कारण विंडोज तिथे एसआरजीबीचा वक्र (कुठल्या रंगाच्या आकड्याला किती उजेड ते ठरवणारा) लावतं, आणि मॉनिटर एरवी २.२ चा लावतात. वरच्या भागात दोन्ही सारखेच, पण अगदी खाली, ५ नंबरच्या रंगाला एसआरजीबी जवळजवळ नऊपट जास्त उजेड देतं. अंतराळातल्या गेमचा निम्मा पडदा त्याच पट्ट्यात असतो. तेव्हा एसडीआर गेमसाठी एचडीआर सरळ बंद करा. आणि एचडीआर गेम खेळणार असाल तर मायक्रोसॉफ्टचं विंडोज एचडीआर कॅलिब्रेशन ॲप एकदा चालवा.

कक्षाभ्रष्ट:

मिनी एलईडी मॉनिटर आहे माझा, लोकल डिमिंग (बॅकलाइटचे झोन वेगवेगळे मंद करणं) चालू केलं की बारीक तारे गायबच होतात आणि मोठ्या ताऱ्यांभोवती धुरकट वलय. बंद केलं की काळा राखाडी.

मिणमिणता_दिवा:

ताऱ्यांनी भरलेलं आकाश ही लोकल डिमिंगची सगळ्यात अवघड परीक्षा आहे. एका झोनमागे हजारो पिक्सेल असतात, त्यात एकच पिक्सेल उजळ. झोन लावला तर भोवती वलय, नाही लावला तर तारा मेला. प्रत्येक कंपनी यातलं एक निवडते. डिमिंगला कमी मध्यम जास्त असे पर्याय असतील तर कमी ठेवा, तारे वाचतात, आणि राखाडीपणा भिंतीवरच्या दिव्याने झाकला जातो. व्हीए (एलसीडीचाच दुसरा प्रकार) पॅनलवाल्यांनाही सांगून ठेवतो, काळा आयपीएसपेक्षा तिप्पट खोल मिळतो पण काळ्यावरून जहाज वळवलं की तारे मागे शेपटी सोडतात. तिथे मॉनिटरचा ओव्हरड्राइव्ह (पिक्सेल लवकर बदलायची सेटिंग) एक पायरी वाढवून बघा.

सांजवात:

दिवा, इंटरफेस ब्राइटनेस खाली आणला आणि मागे दिवा ठेवला. अक्षरं एकटी दिसतात आता, गॅमा मध्याच्या थोडाच वर ठेवलाय. आकाशगंगेत काळे पट्टे आहेत हे मला पहिल्यांदा दिसलं. खरंच आभार.

आता तेजोमेघाच्या जवळ गेलं की रंगांच्या पायऱ्या पायऱ्या दिसतात, नकाशातल्या समोच्च रेषांसारख्या. हे माझ्या डोळ्यांमुळे की पडद्यामुळे?

मिणमिणता_दिवा:

डोळ्यांमुळे नाही, ते बँडिंग. ८ बिटमध्ये अंधाराच्या भागाला मोजक्याच पायऱ्या वाट्याला येतात आणि गॅमा जितका वाढवाल तितक्या त्या ताणल्या जातात. ड्रायव्हरमध्ये आउटपुट कलर डेप्थ १० बिट मिळत असेल तर करून बघा, पण गेम स्वतः ८ बिटमध्ये चित्र काढत असेल तर त्याने विशेष होणार नाही. गेममध्ये फिल्म ग्रेन असेल तर अगदी थोडं चालू ठेवा, त्या बारीक कणांमुळे पायऱ्यांच्या कडा मोडतात. ड्रायव्हरमधलं डिजिटल व्हायब्रन्स (रंग भडक करणारी सेटिंग) वाढवलेलं असेल तर मूळ जागी आणा, पायऱ्या त्यानेच सगळ्यात जास्त उठून दिसतात.

ध्रुवबाळ:

एचजीआयजी लावलं, सूर्याकडे बघवत नाही आता, झकास. पण लांबच्या प्रवासात जहाज सरळ जात असतं तेव्हा टीव्ही हळूहळू स्वतःच मंद होतो आणि मेन्यू उघडला की परत उजळतो. हे बंद करता येतं का?

मिणमिणता_दिवा:

चित्र बराच वेळ हललं नाही की पॅनल वाचवायला ओलेड टीव्ही असं करतात, आणि तुमच्या प्रवासात तारे जवळजवळ जागेवरच असतात, त्यामुळे टीव्हीला वाटतं चित्र थांबलंय. काही मॉडेलमध्ये ते फक्त सर्व्हिस मेन्यूतून बंद होतं, त्याच्या नादी लागू नका, स्थिर एचयूडी असलेल्या गेममध्ये तर अजिबातच नको. अधूनमधून जहाजाचं नाक इकडेतिकडे फिरवा किंवा नकाशा उघडून बंद करा, तेवढ्याने तो परत वर येतो. आणि एचयूडी मंद करायची किंवा लपवायची सोय असेल तर लांबच्या प्रवासात ती वापरा, पडद्यावर एकाच जागी तासन्‌तास जळणाऱ्या रेषा कमी झालेल्या बऱ्या.